हसण्याआधी कडा बघा: मुरलेल्या फोटोग्राफरची गंमत कशी ओळखायची

अमेरिकी फोटोग्राफर एलियट अर्विटचा (१९२८–२०२३) न्यूयॉर्कमधला १९७४चा फोटो मोबाइलवर उघडला, की लोक टोपी घातलेलं बुटकं कुत्रं बघून हसतात आणि पुढे सरकतात. खरी गंमत मात्र फोटोच्या वरच्या कडेत आहे.

ती सापडायला प्रिंट हवी. मोबाइलवर चिमटीने फोटो मोठा केला की कडाच पडद्याबाहेर जातात. ए-फोर कागदावर काढा आणि प्रिंटवाल्याला चारही बाजूंनी पांढरी पट्टी सोडायला सांगा. कागद भरायच्या नादात तो कडा उडवतो. फोटोखाली छापलेली माहितीची ओळ वाचू नका. दोन मिनिटं नुसतं बघा, मग एकही विशेषण न वापरता काय दिसतं ते एका ओळीत लिहा. इथे निघेल: बाईचे बूट, कुत्रं, आणखी दोन पाय.

ते दोन पाय पहिल्या नजरेला माणसाचे वाटतात. आहेत ग्रेट डेनचे, म्हणजे एका उंच जातीच्या कुत्र्याचे! वरच्या कडेने त्याचं धड कापलंय, म्हणून फसगत होते. कॅमेरा कुठे होता ते शोधा: बुटक्या कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभ्याने काढला असता तर अख्खं मोठं कुत्रं दिसलं असतं, संपलं.

आता काळ्या कार्डशीटच्या दोन पट्ट्या सुताराच्या गुण्यासारख्या (इंग्रजी एल आकारात) कापा, रुंदी २ इंच, लांब बाजू १२ इंच. प्रिंटवर समोरासमोर ठेवून चौकट हळूहळू लहान करत जा. कुठे आलं की हसू जातं, तिथे खूण करा. कसलेल्या हाताच्या फोटोत ही खूण कडेच्या अगदी जवळ पडते; फालतू काही उरलेलंच नसतं. साधेपणा मोजायचा तो असा. फोटो कृष्णधवल केल्याने तो येत नाही, मागचा पसारा करड्या रंगात तसाच राहतो.

वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचा दिल्लीच्या पालम विमानतळावरचा फोटो याच पट्ट्यांखाली घ्या. बाई नवसारीच्या, म्हणजे आपल्या भुसावळ-सुरत लाइनच्या पलीकडच्याच. नेहरू उभे आहेत आणि शेजारी ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी. पाटी झाका: एक माणूस वाट बघतोय. नेहरू झाका: सरकारी पाटी. दोन्ही उघडे ठेवले तरच जमतं. अर्विटच्या माद्रिदमधल्या प्राडो संग्रहालयातल्या १९९५च्या फोटोतही तसंच. तिथे चित्रकार गोयाची ‘माजा’ नावाच्या बाईची दोन चित्रं शेजारी आहेत: विवस्त्र माजासमोर पुरुषांचा घोळका, सवस्त्र माजासमोर एकटी बाई.

नजर बसली का, हे नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला कळेल. मार्गशीर्षात दत्तजयंतीला भरणाऱ्या घोडेबाजारात पाय भरपूर: धोतराचे, जीन्सचे, घोड्याचे. सकाळचं ऊन तिरपं असतं तोवर जा. दुपारी सावल्या पोटाखाली गोळा होतात आणि पाय काळे पडतात. मालकाला विचारा. घोड्याच्या मागे कधीही बसू नका, लाथ बसते. खांद्याच्या बाजूने, ८-१० फुटांवर उकिडवे बसा. मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीजवळ येते. साधी १एक्स लेन्स ठेवा, ०.५ने (वाइड लेन्सने) कडेचे पाय वाकडे होतात आणि फोटो ओढूनताणून केलेला वाटतो. शटर हाताने लावता येत असेल तर १/५०० सेकंद ठेवा, कारण घोडा पाय आपटतो. फ्लॅश बंद.

सगळ्यात जास्त गडबड पाठीमागे होते. मंडपाचा बांबू, कुल्फीची गाडी, पुढाऱ्याचा फ्लेक्स (हा तर कुठूनही डोकावतो!) यातलं काही चौकटीत आलं की नजर तिकडेच पळते. दोन पावलं सरकून मागे नुसती माती येईल असं बघा आणि तिथेच थांबा. गर्दी आपसूक समोरून जाते. गिऱ्हाईक वय बघायला घोड्याचं तोंड उघडतं, तेव्हा बरेचदा त्याचंही तोंड उघडं पडतं. दोन्ही तोंडं, बस्स. लगाम धरणारा भाऊ कडेला अर्धा आला तर पुन्हा काढा.

झोपलेला, प्यायलेला, घसरून पडलेला माणूस सोडून द्या. बाकीचा जो जमेल तो तिथेच, काही न सांगता, त्या गिऱ्हाइकाला दाखवा. तो ‘काय शे यामा?’ (अहिराणीत, ‘काय आहे यात?’) म्हणाला तर कडेला काहीतरी जास्त राहिलंय. चेहरा पडला, तर त्याच्यासमोरच खोडा.