घरातला रेडॉन: मोजावा कसा, काढावा कसा

रेडॉन हा जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा, फुप्फुसांना घातक असा किरणोत्सारी वायू. खान्देशात जमिनीखाली बेसॉल्ट हा काळा खडक आहे आणि त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी असतं. त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण मोजल्याशिवाय निर्धास्तही राहू नका. या वायूला ना रंग, ना वास. आधी तळघर आणि तळमजल्यावरची एसीची बंद खोली मोजा.

अल्फा ट्रॅक डिटेक्टर (रेडॉन मोजायची छोटी डबी) किमान तीन महिने टांगा. जमिनीपासून अर्धा ते दोन मीटर उंच. खिडकी, स्वयंपाकघर, न्हाणीघर टाळून. एप्रिल-मेचा आकडा धरू नका: कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि रेडॉन कमी दिसतो. पोळा ते संक्रांत हा काळ बरा. पावसात बाहेरच्या काळ्या मातीच्या भेगा बुजतात, वायू घराखालच्या कोरड्या मातीतून वर येतो. थंडीत खिडक्याच बंद.

जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भपातळी घनमीटर हवेला 100 बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) आहे. ते जमत नसेल तरी 300 च्या वर जाऊ देऊ नये, असं ती सांगते.

आकडा जास्त आला तर भेगा, पाइपांभोवतीच्या फटी बुजवा. तेवढ्याने भागत नाही. एअर प्युरिफायर हा वायू पकडत नाही. बंद खोलीत एक्झॉस्ट फॅन तर मुळीच लावू नका, तो जमिनीतला वायू आत ओढतो.

खरा उपाय म्हणजे फरशीखालून हवा ओढून गच्चीवर सोडणं. यात काळी माती घात करते. मुरमाच्या किंवा खडीच्या भरावातून हवा सहज सरकते, चिकण काळ्या मातीतून नाही. म्हणून पाइप आणण्याआधी चाचणी घ्या. पाण्याची नळी, वायर चुकवून फरशीला एक भोक पाडा, त्याला व्हॅक्यूम क्लीनर लावा. त्यातून निघणारी हवा घराबाहेर सोडा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बारीक भोक पाडून तिथे उदबत्ती धरा. धूर खाली ओढला गेला तर हवा ओढायला फरशीखाली एक खड्डा पुरेल. नाही गेला तर दोन-तीन जागा लागतील, नाहीतर कितीही मोठा पंखा लावा, पैसे पाण्यात.

खड्ड्यातून दोन-तीन घमेली माती काढा, चार इंची पीव्हीसी पाइप बसवा, कड सीलंटने हवाबंद करा. पाइपला उतार खड्ड्याकडेच हवा, नाहीतर पावसाळ्यात दमटपणाचं पाणी मध्येच साचून हवा अडते. मिस्त्री बाथरूमचा पात्यांचा पंखा सुचवेल, तो नको. त्याला ओढ नसते. पाइपच्या मध्येच बसणारा सेंट्रिफ्यूगल इनलाइन पंखा घ्या, घट्ट मातीला जास्त दाबाचा. पंखा गच्चीवरच: घरात असला तर त्याच्या पुढचा सांधा गळून रेडॉन खोलीतच येतो. तोंड कठड्याच्या वर, खिडक्यांपासून निदान दहा फूट.

पाइपला रंगीत पाण्याची यू-नळी लावा. दोन्ही बाजूंची पातळी सारखी झाली की पंख्याची ओढ गेली. भारनियमनात काही तासांतच वायू परत साचू लागतो, तेव्हा पंखा इन्व्हर्टरवर घ्या. महिन्याभरात फेरमोजणी सुरू करा.