पिक्सेल आर्ट: सफाई कुठे करायची, कुठे सोडायची

पिक्सेल आर्ट म्हणजे एकेक चौकोनी ठिपका (पिक्सेल) भरून काढलेलं चित्र. ३२ × ३२ पिक्सेलच्या कॅनव्हासवर आधी एकाच गडद रंगाने सगळी आकृती भरून काढा. या टप्प्यावर हात मोकळा सोडा, पुसापुशी नको. १०० टक्के झूमवर आकृती ओळखू आली की मगच ६-८ रंग घ्या.

सफाईची सुरुवात रेषेपासून. वळणातल्या प्रत्येक तुकड्यात, म्हणजे पायरीत, सलग किती पिक्सेल आहेत ते मोजा. ५, २, ३, १ असा क्रम असेल तर मध्ये दात आल्यासारखा खटकतो. तिसऱ्या तुकड्यातला पहिला पिक्सेल दुसऱ्याच्या ओळीत सरकवा. ५, ३, २, १ झालं की वळण सुटतं. बहुतेक ठिकाणी एवढंच पुरतं!

रेषा आणि तिच्या शेजारचा रंग यांच्या मधल्या छटेचा पिक्सेल फक्त लांब पायरीच्या टोकाला द्या. सगळीकडे दिलात तर चित्र धूसर होतं. गेममध्ये पार्श्वभूमी बदलणार असेल तर बाहेरच्या कडेला देऊच नका.

केस, गवत, फाटके कपडे मात्र ओबडधोबडच शोभतात. तिथे असेप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमधला ‘पिक्सेल परफेक्ट’ (रेषेच्या कोपऱ्यातले जादा पिक्सेल आपोआप काढणारा) पर्याय बंद ठेवा.

सफाईआधीची प्रत वेगळ्या लेयरवर जपा आणि दोन्ही १०० टक्क्यांवर ताडून बघा. फरक फक्त ८०० टक्क्यांवरच दिसत असेल, तर जुनीच प्रत ठेवा.