म्हाताऱ्या पेशंटच्या नोट्समध्ये 'शांत' लिहिताय? या चुका टाळा

दर बॅचला नवीन सिस्टर-ब्रदर तेच लिहितात, "पेशंट कन्फ्यूज्ड". अरे पण म्हणजे काय? बडबडायलेत, सलाईन ओढायलेत, का नुसतं छताकडं बघत पडलेत? जे दिसलं ते वेळेसकट लिहा, "रात्री २.१० ला मुलाला ओळखलं नाही, ३.०० ला ओळखलं" असं. डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा गोंधळ, चढउतार करतो, सकाळी राउंडला माणूस छान बोलतो आणि रात्री वेगळाच, त्यामुळं ड्युटी संपताना एकदम सगळं लिहायला बसलं की नेमका चढउतारच कागदावर येत नाही. मी खिशात छोटी वही ठेवते.

आता "शांत". या शब्दाचा मला मनापासून राग आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेले ७८ वर्षांचे एक आजोबा होते. तीन शिफ्ट "पेशंट शांत, झोपलेले", एकाचं बघून दुसऱ्यानं उतरवलेलं. रात्री मी आधीच्या शिफ्टकडून ओव्हर (ड्युटीचा ताबा) घेतला तर सून म्हणाली, "सिस्टर, मामंजी कालपासून बोलंना गेलेत, घास तोंडात धरून बसायलेत, असे नव्हते ओ ते." हाक मारली की डोळे उघडायचे, परत मिटायचे. लक्ष लागतंय का बघायला वार उलटे म्हणायला लावले तर रविवार, शनिवार, तिथंच थांबले. हात मात्र चादरीवर चालूच, कापूस वेचावा तसा. ओटीपोटाला हात लावला तर टणक, आणि चार्टवर लघवीचा रकाना सकाळपासून कोरा! डॉक्टरांना उठवलं, कॅथेटर (लघवीची नळी) टाकला, ९०० एमएल लघवी निघाली. म्हणजे "शांत" नव्हतेच ते, लघवी तुंबून डिलिरियम झालेला. तिसऱ्या दिवशी सुनेला नावानं हाक मारली त्यांनी. गप्प पडलेला डिलिरियमच जास्त सुटतो, कारण तो कुणाची झोपमोड करत नाही.

"वयामुळं होतं" लिहू नका, डिमेन्शिया सहसा महिन्या-वर्षांत वाढतो, डिलिरियम तासा-दिवसांत येतो. घरचे "वात झालाय" (म्हणजे भ्रम झालाय) म्हणाले तर तेच शब्द लिहा आणि कधीपासून ते विचारा. चष्मा, कानाचं मशीन लावल्याशिवाय "ओरिएंटेड नाही" (वेळ-जागेचं भान नाही) लिहायचं नाही. "कोऑपरेट करत नाही" हे लक्षणच नव्हे.

फोर-ए-टीचा (4AT, डिलिरियम ओळखायची छोटी चाचणी) फॉर्म कॉटच्या पायथ्याशी उभं राहून टिक करणारेही आहेत, घाई असते म्हणे. त्यात ४ किंवा जास्त गुण आले की डिलिरियमची शक्यता धरतात, पण लक्ष लागतंय का हे पेशंटशी बोलल्याशिवाय कळणार कसं? दोन मिनिटं स्टूल ओढून बसा.

आणि झोपेचं इंजेक्शन दिलं तर वेळ लिहा, त्याआधी माणूस कसा होता तेही लिहा, नाहीतर ही गुंगी औषधाची का आजाराची हे पुढच्या शिफ्टनं ओळखायचं कशावरून?