उष्णतेच्या लाटेचा इशारा कसा वाचायचा: नागपूरचे ४२ आणि मुंबईचे ३८

नागपूरला मे महिन्यात पारा ४२ वर गेला तर कोणी दखलही घेत नाही. मुंबईत मार्चमध्ये ३८ झाले की हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा इशारा देतं. दोन्हीकडे खात्याचं गणित बरोबरच असतं, फक्त मोजपट्टी वेगळी असते. ती समजली की आपल्या जिल्ह्याच्या इशाऱ्याचा रंग (पिवळा, नारिंगी की लाल) नीट वाचता येतो.

आधी आपलं ठिकाण कोणत्या गटात येतं ते ठरवा. सपाटीवर कमाल तापमान किमान ४० आणि डोंगराळ भागात किमान ३० असल्याशिवाय लाटेचा विचारच होत नाही. हा उंबरठा ओलांडल्यावर खरी कसोटी लागते ती सरासरीपेक्षा, म्हणजे त्या ठिकाणी त्या दिवसांत एरवी असणाऱ्या कमाल तापमानापेक्षा, किती जास्त याची. ४.५ ते ६.४ अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट, ६.४ च्या पुढे तीव्र लाट. किनारपट्टीला अट वेगळी आहे: तापमान ३७ किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ ने वर. सपाटीसाठी आणखी एक थेट वाट आहे. पारा ४५ ला पोचला की सरासरी काहीही असो, लाट. ४७ ला तीव्र लाट.

ही थेट वाट नसती तर विदर्भाची पंचाईत झाली असती. नागपूरची मे महिन्यातली सरासरी ४२-४३ च्या आसपास. त्यात ४.५ मिळवले तर ४७ च्या पुढे गेल्याशिवाय इशाराच निघाला नसता. उलट मार्चच्या मध्यावर तिथली सरासरी ३६ च्या घरात असते, त्यामुळे ४१ लाही लाट ठरते. पुण्यात एप्रिलची सरासरी साधारण ३८, म्हणजे हिशेब साडेबेचाळीसच्या आसपास जातो. मुंबईची मार्चमधली सरासरी ३३ च्या जवळ. पूर्वेचे वारे जोर धरतात, समुद्रावरचा वारा उशिरा येतो आणि पारा दुपारपर्यंत ३८-३९ गाठतो. म्हणून ‘गेल्या मेमध्ये ४२ होते तेव्हा इशारा नव्हता, या मार्चमध्ये ४१ ला कसा?’ असं विचारण्याआधी तारीख आणि त्या ठिकाणची सरासरी पाहा. खात्याच्या रोजच्या हवामान पत्रकात कमाल तापमानाशेजारी सरासरीपासूनचा फरक अधिक-उणे चिन्हाने दिलेला असतो. तोच आकडा महत्त्वाचा.

लाट जाहीर व्हायला हवामान उपविभागातल्या तापमान मोजणाऱ्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस निकष पूर्ण व्हावा लागतो आणि घोषणा दुसऱ्या दिवशी होते. महाराष्ट्र-गोव्यात असे उपविभाग चारच: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. त्यामुळे लाट ‘जाहीर’ होण्याची वाट पाहू नका, अंदाजातला जिल्हानिहाय इशारा पाहा. विदर्भाचा नागपूरच्या प्रादेशिक केंद्राकडून निघतो, बाकी महाराष्ट्राचा मुंबईहून. ‘मौसम’ आणि ‘सचेत’ या ॲपवरही इशारे मिळतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने पावलं उचला. रंग फक्त तापमानावर ठरत नाही, लाट किती दिवस टिकणार यावरही ठरतो. साधी लाट चार दिवस लांबली तरी नारिंगी लागू शकतो.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. रंग जिल्ह्याला एकच असतो. रायगडमध्ये अलिबाग समुद्राला लागून, तर कर्जत आणि भिरा आत. भिऱ्याचा पारा अनेकदा अलिबागच्या कितीतरी वर असतो. तुमचा तालुका आतला असेल तर रंगापेक्षा जवळच्या केंद्राचा आकडा बघा.

किनाऱ्यावर नुसत्या अंशांवर विसंबणं धोक्याचं. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर उष्मा निर्देशांक (तापमान आणि आर्द्रता मिळून शरीराला जाणवणारी उष्णता) साधारण ४४ भरतो. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला तो ४०-४१ च्या आसपासच राहतो, कारण कोरड्या हवेत घाम उडून जातो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. फोनवर ‘जाणवणारं तापमान’ दिसतं ते असंच आर्द्रता धरून काढलेलं असतं. त्याची तुलना लाटेच्या निकषाशी करू नये. गाडीतला किंवा बाल्कनीतला तापमापकही कामाचा नाही. खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो.

उपायही जागेप्रमाणे बदलतात. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर विदर्भ-मराठवाड्यात उत्तम चालतात. मुंबई-रत्नागिरीत कूलर खोलीतला दमटपणाच वाढवतो, तिथे समोरासमोरच्या खिडक्या आणि पंखा बरा. चाळिशीपुढच्या कोरड्या हवेत मात्र नुसता पंखा गरम वाराच अंगावर फेकतो, म्हणून ओला पंचा अंगावर घ्या. दुपारी १२ ते ३ अंगमेहनत टाळा. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा. कमी पाण्यात केलेलं द्रावण फार खारट होऊन त्रास देतं. माणूस बडबडायला लागला, शुद्ध हरपू लागली, तर १०८ ला फोन करा, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.