पर्याय मोजताना आणि लॉग वापरताना या चुका टाळा

उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा आकडेमोडीत नाही, तर गुणायचं की बेरीज करायची हे ठरवतानाच.

दहा जणांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं, तर एकूण किती? १० × ९ = ९० हे उत्तर हमखास येतं. त्यात प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते. खरं उत्तर ४५. मात्र त्याच दहांतून अध्यक्ष आणि सचिव निवडायचे असतील तर ९०च बरोबर, कारण तिथे अदलाबदल केली की निवड बदलते.

चार अंकी पिनच्या कीपॅडवर चार बटणं झिजलेली असतील तर शक्यता ४! (म्हणजे ४ × ३ × २ × १) = २४. तीनच झिजली असतील तर शक्यता कमी होतील असं वाटतं, पण त्या वाढतात! एक अंक दोनदा आलेला असतो. तो कोणता, याचे ३ पर्याय. प्रत्येकाच्या मांडण्या ४! ÷ २! = १२. एकूण ३६. सूत्रावर भरवसा नसेल तर आधी तीन अंकी पिन आणि दोन बटणं घेऊन सगळी यादी लिहून काढा: ११२, १२१, २११, १२२, २१२, २२१. सूत्रानेही ६च यायला हवेत.

‘किमान एक’ असं दिसलं की संभाव्यतांची थेट बेरीज करू नका. सहा फासे टाकल्यावर किमान एक सहा पडण्याची शक्यता ६ × १/६ = १, म्हणजे खात्रीच, असं निघतं. हे उघडच चूक आहे. एकही सहा न पडण्याची शक्यता १ मधून वजा करा: १ − (५/६)⁶, सुमारे ०.६७.

लॉग म्हणजे पायाचा कितवा घात केला की दिलेली संख्या येते ते; पाया १० असेल तर १०० चा लॉग २. त्यातली मोठी गफलत म्हणजे आधीच लॉग घेतलेल्या आकड्यांची साधी बेरीज किंवा सरासरी. डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचं लॉगवर आधारलेलं माप आहे. ८० डेसिबलची दोन स्वतंत्र यंत्रं एकत्र चालली तर १६० नव्हे, सुमारे ८३ डेसिबल होतात. आधी तीव्रतेत रूपांतर, मग बेरीज, मग पुन्हा लॉग, असा क्रम ठेवा. भूकंपाच्या मॅग्निट्यूडचंही (लॉगवरच आधारलेल्या मापाचं) तसंच: ५ आणि ७ मध्ये फरक दोनाचा दिसतो, पण ऊर्जा सुमारे हजारपट असते.

शेवटी लॉगचा पाया. दरसाल ८ टक्के चक्रवाढीने रक्कम दुप्पट व्हायला लॉग २ ÷ लॉग १.०८, म्हणजे सुमारे ९ वर्षं लागतात. पाया कोणताही चालेल, पण वर-खाली एकच हवा. वर नैसर्गिक लॉग (पाया e, सुमारे २.७१८) आणि खाली १० पायाचा घेतला तर २०.७ येतात. एक्सेलचं लॉग फंक्शन पाया न दिल्यास १० धरतं, पायथनच्या मॅथ मॉड्यूलमधलं नैसर्गिक लॉग देतं. शंका आली तर १० चा लॉग काढून पाहा: १ आला तर पाया १०, २.३०३ आला तर नैसर्गिक.