मृणालताईंवर एरियात टॉक ठेवताय? मग असं करा

गोरेगावात समाजवादी नेत्या मृणाल गोरेंवर बोलायचं असेल ना तर जन्मतारखेपासून सुरू करूच नका, लोक लगेच मोबाईल काढतात, डायरेक्ट नळावर या. १९६१ला ताई मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्यासाठी एवढ्या भांडल्या की नावच पडलं पाणीवाली बाई. आधी जुन्या चाळींतल्या आज्यांना भेटा, पाणी किती वाजता यायचं, हंडे कुठून भरून आणायचात, महागाईविरोधातल्या लाटणं मोर्चाला घरातून कोण कोण गेलेलं असं साधंच विचारा आणि त्यांना विचारून रेकॉर्ड करून ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण एवढं बारीक कुठल्या कागदावर मिळत नाही.

मग १९७२चं महागाईविरोधी आंदोलन, सोबत कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकर, बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर. थाळी-लाटणं खरंच आणा, एखाद्या आजींनाच वाजवू द्या, हॉल जागा होतो.

१९७७ची 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा हवीच, पण ताई खासदार झाल्या आणि इंदिरा गांधी हरल्या हे समजावून सांगा, पोरांना माहीत नसतं. नागरी निवारा, म्हणजे गोरेगावातला घरांचा प्रकल्प, तर अजिबात विसरू नका, बाबूराव सामंतांसोबत हजारो कुटुंबांना परवडणारी घरं, माझ्या मते हेच ताईंचं सगळ्यात मोठं काम.

अर्ध्या तासात आटपा आणि माईक आज्यांकडे द्या.