आईवडिलांसाठी अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा काढताना

मुलगी अमेरिकेत असते, तिचे बाळंतपण जवळ आलेले असते किंवा नातवाची मुंज ठरलेली असते, आणि आईवडिलांच्या व्हिसाचे काम आपोआप मुलांकडे येते. मुले दिवसभराची नोकरी आटोपून रात्री संगणकासमोर बसतात, माहीत असलेली उत्तरे लिहितात, माहीत नसलेली अंदाजाने लिहितात आणि अर्ज पाठवून मोकळी होतात. पुण्याच्या किंवा सांगलीच्या घरात बसलेल्या आईला आपल्या नावाने नेमके काय लिहिले गेले आहे याची कल्पना नसते, आणि मुलाखतीच्या खिडकीशी अधिकाऱ्याने त्याच अर्जातील एखादी गोष्ट विचारली की ती गोंधळते. अनेक घरांतील अडचणींचे मूळ मला इथेच दिसते. म्हणून अर्ज आईवडिलांचा आहे हे धरून, तो त्यांच्यासोबत बसून किंवा निदान व्हिडिओ कॉलवर एकेक प्रश्न मराठीत वाचून दाखवत भरावा, असा माझा आग्रह आहे.

नातेवाइकांना भेटण्यासाठी आणि पर्यटनासाठी जो व्हिसा लागतो तो बी-२. भारतात तो बहुधा व्यावसायिक भेटीच्या बी-१ शी जोडून बी-१/बी-२ असा दिला जातो. या व्हिसामागचा कायदा आधी समजून घेतला तर पुढची सगळी धडपड योग्य दिशेने होते. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याचे कलम २१४(बी) असे सांगते की व्हिसा मागणारी व्यक्ती अमेरिकेत कायमची राहायला येत आहे असेच अधिकाऱ्याने गृहीत धरावे आणि तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची असावी. म्हणजे मुलाचा पगार किती, त्याचे घर केवढे, हा मुख्य प्रश्न नाही. आईवडिलांचे घर, शेती, निवृत्तिवेतन, इथली दुसरी मुले, नातीगोती, म्हणजे त्यांना परत आणणारे इथले आयुष्य, हा मुख्य प्रश्न आहे. मुले सर्व शक्ती स्वतःची कागदपत्रे जमवण्यात खर्च करतात, ती या गैरसमजामुळे.

कामाची सुरुवात योग्य संकेतस्थळापासून करावी. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर भरला जातो, त्याचा पत्ता ‘स्टेट डॉट जीओव्ही’ असा संपतो, आणि अर्ज भरण्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. हुबेहूब सरकारी वाटणारी आणि अर्ज भरण्याचेच पैसे मागणारी खासगी पाने शोधात वर येतात, ती टाळावीत. शुल्क भरणे आणि मुलाखतीची वेळ घेणे यांसाठी मात्र निराळे अधिकृत संकेतस्थळ आहे. शुल्क १७ जून २०२३ पासून माणशी १८५ डॉलर आहे, ते दूतावासाने ठरवलेल्या दराने रुपयांत भरावे लागते आणि व्हिसा नाकारला गेला तरी परत मिळत नाही. आईचा अर्ज वेगळा, वडिलांचा वेगळा, शुल्कही वेगवेगळे. परंतु दोघांना एकाच खात्यात जोडून मुलाखतीची वेळ एकत्र घेता येते, आणि ती तशीच घ्यावी. शुल्क भरल्यापासून ३६५ दिवसांच्या आत मुलाखतीची वेळ ठरवून घ्यावी लागते.

अर्ज उघडताच मिळणारा क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि सुरक्षेसाठी निवडलेल्या प्रश्नाचे उत्तरही लिहून ठेवावे. सुमारे वीस मिनिटे हालचाल झाली नाही तर पान बंद पडते; त्यामुळे प्रत्येक पानानंतर माहिती जतन करावी. उत्तरे इंग्रजीतच लिहायची असतात.

नावाचा प्रश्न मराठी घरांत वाटतो तितका सोपा नसतो. पासपोर्टवर आडनाव आणि नाव ज्या रकान्यांत जसे छापले आहे तसेच, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह, अर्जात उतरवावे. घरी काय म्हणतात, आधार कार्डावर काय आहे, याचा इथे संबंध नाही. त्यानंतर अन्य कोणतेही नाव कधी वापरले आहे का, असा प्रश्न येतो. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, आणि मागील पिढीत पुष्कळ घरांत तिचे पाळण्यातले नावही लग्नाच्या दिवशी तांदळात लिहून बदलले जात असे. आमच्या आईचा अर्ज भरताना मी या प्रश्नाला ‘नाही’ लिहून पुढे निघालो होतो. तिनेच थांबवून आपले माहेरचे पूर्ण नाव सांगितले, आणि तिच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर तेच होते. असे नाव असेल तर ‘होय’ म्हणून ते लिहावे. जन्मतारखेचेही तसेच: शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावून दिलेली पुष्कळ माणसे महाराष्ट्रात आहेत, आणि पासपोर्टवर १ जून असेल तर अर्जात सर्वत्र १ जूनच लिहावे. मुलाखतीत खरी तारीख सांगण्याचा मोह टाळावा, हे वडिलांना आधीच समजावून ठेवावे.

प्रवासाच्या भागात अमेरिकेतील मुक्कामाचा पत्ता, जाण्याची अंदाजे तारीख आणि मुक्कामाचा कालावधी विचारतात. तिकीट आधी काढण्याची आवश्यकता नाही. उलट व्हिसा हातात येण्यापूर्वी परत न होणारे तिकीट काढू नये. खर्च कोण करणार याचे उत्तर खरे लिहावे. मुलगा करणार असेल तर मुलगा. त्यात कमीपणा नाही. व्यवसायाच्या ठिकाणी निवृत्त, गृहिणी, शेती यांपैकी जे असेल ते निवडावे, आणि वडील बँकेत किंवा जिल्हा परिषदेत नोकरीला होते तर पूर्वीच्या नोकरीचा तपशील त्यांनाच विचारून भरावा. मागील पाच वर्षांत केलेले परदेश प्रवास आणि याच काळात वापरलेली समाजमाध्यमांवरील खाती विचारली जातात; नातवंडांचे फोटो पाहण्यासाठी मुलीने आईला उघडून दिलेले फेसबुकचे खातेसुद्धा यात येते.

दोन प्रश्नांवर विशेष लक्ष द्यावे. पहिला, पूर्वी कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला आहे का. वीस वर्षांपूर्वी नाकारला गेला असेल तरी तो सांगावा लागतो, कारण त्याची नोंद त्यांच्याकडे असते. दुसरा, आपल्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज दाखल केला आहे का. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला असेल आणि त्याने आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी आय-१३० हा अर्ज दाखल केला असेल, तर उत्तर ‘होय’ आहे. त्यामुळे व्हिजिटर व्हिसा मिळणे अवघड होऊ शकते, हे खरे. पण जाणूनबुजून खोटे लिहिल्याचे सिद्ध झाले तर त्या माणसाला अमेरिकेत जाण्यास कायमची मनाई होऊ शकते. एजंट ‘हे लिहू नका, काही होत नाही’ असे सांगू लागला तर तिथून उठून यावे. अर्ज भरायला कोणी मदत केली का, हाही प्रश्न शेवटी असतो, आणि तिथे मुलाने किंवा मुलीने आपले नाव निःसंकोच लिहावे. मदत कोणाचीही असली तरी अर्ज सादर करण्याचे अंतिम बटण अर्जदारानेच दाबायचे असते, कारण ती त्याची स्वाक्षरी मानली जाते.

फोटो दोन इंच लांब, दोन इंच रुंद, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, सहा महिन्यांच्या आतला आणि चष्म्याशिवाय असावा. फोटोवाल्याला ‘अमेरिकेच्या व्हिसासाठी’ एवढे सांगितले तरी तो समजतो.

अर्ज सादर झाल्यावर बारकोड असलेले पान मिळते. वेळ घेताना याच पानावरील क्रमांक द्यावा; नंतर चूक सापडून नवा अर्ज भरला तर तिथला क्रमांकही बदलून घ्यावा, कारण दोन क्रमांक जुळले नाहीत तर दारातून परत यावे लागते. भारतात दिल्लीचा दूतावास आणि मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता येथील वाणिज्य दूतावास यांपैकी कुठेही वेळ घेता येते. मुंबईतली प्रतीक्षा कधी काही आठवड्यांची तर कधी वर्षाहून अधिक असते, म्हणून बाळंतपणाची तारीख कळली की दुसऱ्याच आठवड्यात कामाला लागावे. तारीख वारंवार बदलण्याची मुभा आता राहिलेली नाही. १ जानेवारी २०२५ पासून एकदाच विनाशुल्क बदल मिळतो आणि त्यापुढे नव्याने शुल्क भरावे लागते. लवकरची तारीख काढून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे: मार्च २०२५ मध्ये दूतावासाने बॉट, म्हणजे आपोआप वेळा पकडणारे संगणकीय कार्यक्रम, वापरून घेतलेल्या सुमारे २००० भेटी रद्द केल्या होत्या. पूर्वी ज्येष्ठांना मुलाखतीतून सूट मिळत असे, ती २ सप्टेंबर २०२५ पासून केवळ वयाच्या आधारावर मिळत नाही; पूर्ण मुदतीचा जुना बी-१/बी-२ व्हिसा संपून बारा महिने उलटलेले नसतील, तर मात्र मुलाखतीविना नूतनीकरणाची शक्यता अजून आहे.

भेटी दोन असतात. आधी व्हिसा केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी किंवा पुढे वाणिज्य दूतावासात मुलाखत. मुंबईत मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात होते. कोल्हापूर, नांदेड, अकोल्याहून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच्या गाडीने येऊन थेट रांगेत उभे राहण्यापेक्षा एक दिवस मुक्काम ठेवावा. थकलेल्या माणसाला साधा प्रश्नही अवघड जातो. मोबाइल आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तू आत नेता येत नाहीत, तेव्हा त्या सांभाळायला कोणी सोबत असावे.

सोबत नेण्याच्या कागदांत चालू आणि जुने पासपोर्ट, बारकोडचे पान, भेटीचे पत्र आणि फोटो हे आवश्यक. मुलाच्या व्हिसाची किंवा ग्रीन कार्डाची प्रत, आमंत्रणपत्र, निवृत्तिवेतनाचे कागद, बँकेचे पासबुक, आयकराचे विवरण, सातबारा हे एका फाइलमध्ये ठेवावे. अधिकारी ते पाहीलच असे नाही आणि बहुधा पाहत नाही. आमंत्रणपत्र तर सक्तीचेही नाही. फाइल उघडण्याची विनंती करत बसू नये, विचारतील तेव्हाच द्यावी.

मुलाखत खिडकीशी उभ्याने, दोन-तीन मिनिटांची असते आणि मुंबईत ती मराठीतून देता येते. मोडक्या इंग्रजीत उत्तर देण्याची धडपड मला अनावश्यक वाटते. ज्या भाषेत आई मनातले नीट सांगू शकते, तीच भाषा तिने मागावी. कशासाठी जाता, कोणाकडे जाता, मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, तुम्ही काय करत होता, इथे कोण आहे, असे प्रश्न असतात. उत्तरे पाठ करून घेऊ नयेत, पण मुलाच्या कंपनीचे नाव, तो राहतो ते शहर आणि त्याच्या व्हिसाचा प्रकार एवढे आईवडिलांना माहीत असावे. विचारलेल्याचेच उत्तर द्यावे. ‘दोन महिने मुलीजवळ राहणार, दिवाळीआधी परत येणार, कारण धाकट्याचे लग्न आहे’ असे एक खरे, ठोस वाक्य दहा कागदांपेक्षा जास्त सांगून जाते.

बाळंतपणासाठी जाणाऱ्यांच्या बाबतीत एक नाजूक मुद्दा आहे. ‘बाळ सांभाळायला जाते’ हे आपल्याकडे मायेचे बोलणे आहे. अधिकारी मात्र त्यातून, पाळणाघराचा खर्च वाचवण्यासाठी आजी कामाला निघाली आहे, असा अर्थ काढू शकतो, आणि या व्हिसावर काम करण्यास मनाई आहे. शब्द बदलून सत्य लपवण्याचा हा प्रश्न नाही. लेकीच्या बाळंतपणात तिच्याजवळ असणे, बाळाला पाहणे ही भेटच आहे आणि ती तशीच सांगावी. पण सहा-सहा महिने राहून, थोड्या दिवसांनी पुन्हा जाऊन बाळ वर्षानुवर्षे सांभाळण्याचाच बेत असेल, तर तो या व्हिसाच्या मर्यादेत बसत नाही, हे मुलांनी आधीच स्वतःशी कबूल करावे.

निर्णय सहसा तिथेच कळतो. मंजूर झाल्यास पासपोर्ट ठेवून घेतात आणि तो नंतर केंद्रातून किंवा घरपोच मिळतो. २२१(जी) असे पत्र मिळाले तर काही कागद किंवा तपासणी बाकी आहे असे समजावे आणि पत्रात लिहिल्याप्रमाणे करावे. २१४(बी) खाली नकार मिळाला तर त्यावर अपील नसते. पुन्हा अर्ज केव्हाही करता येतो, पण शुल्क पुन्हा भरावे लागते आणि परिस्थितीत काही बदललेले नसेल तर निकाल बदलण्याची शक्यता कमी राहते. अशा वेळी घरी आलेल्या आईला ‘तू काय बोललीस’ असे विचारून टोचू नये. तिला आधीच अपमान वाटलेला असतो, आणि पुष्कळदा तिची काही चूक नसते.

पासपोर्ट हाती येताच व्हिसावरील नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक तपासावा. भारतीयांना हा व्हिसा सामान्यतः दहा वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा मिळतो, परंतु दहा वर्षे ही जाण्याची मुदत आहे, राहण्याची नव्हे. किती दिवस राहता येईल हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने, आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. उतरल्यावर आठवड्याभरात मुलांनी ती नोंद ऑनलाइन पाहून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. त्या तारखेनंतर एक दिवसही राहिले तर तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. त्या तारखेपुढे १८० दिवसांहून अधिक राहून परतल्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा अधिक राहिल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी लागते. मधल्या काळात पासपोर्टची मुदत संपून नवा काढला, तरी जुन्या पासपोर्टमधला व्हिसा चालतो. पुढच्या वेळी निघताना दोन्ही पासपोर्ट सोबत घ्यावेत.